म्हाताऱ्या कोंबड्याचें दुखणें व त्याची घरगुती शुश्रूषा

शेतकऱ्याच्या दारीं गाय, बैल किंवा म्हैस आजारी पडली म्हणजे घरांतील लहानथोर माणसें गोठ्यांत जमतात. वैद्यास बोलावणें जातें, काढे होतात, रात्री जागविल्या जातात. कोंबड्याच्या वांट्यास हें भाग्य सहसा येत नाहीं. तो पंख पाडून कोपऱ्यांत बसला कीं त्याची व्यवस्था दोनच तऱ्हांनीं लागते : संध्याकाळीं चुलीवर, नाहीं तर येत्या आठवड्याच्या बाजारांत. यांत कोणास फारसें वावगें वाटत नाहीं. कारण एका कोंबड्याचें मोल तें किती, असा हिशेब सर्वत्र केला जातो. आमच्या मतें हा हिशेब अपुरा आहे. आजारी कोंबड्याबरोबर बाजारांत जें जातें तें केवळ एक पांखरूं नव्हे. त्याच्यासंगें रोगहि जातो आणि तो दहा गांवच्या खुराड्यांत पोंचतो. तेव्हां म्हाताऱ्या कोंबड्याची शुश्रूषा ही जशी भूतदयेची, तशीच ती सबंध कळपाच्या राखणीची गोष्ट आहे. ती घरच्या घरीं व थोड्या खर्चांत कशी करतां येते, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

म्हातारपण व रोग यांतील भेद

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, म्हातारपण म्हणजे रोग नव्हे. देशी कोंबडा चांगल्या निगेंत ५ ते ८ वर्षें जगतो. क्वचित् १० वर्षांचाहि आढळतो. वय वाढत जातें तशी त्याची प्रजननशक्ति हळूहळू उतरते, पायांमागील कांटे लांब व वांकडे होतात, पायांवरील खवले जाड व खरखरीत दिसतात, आणि पूर्वी जो आढ्यापर्यंत झेप घेई तो आतां खालच्याच दांडीवर बसणें पसंत करितो. वर्षांतून एकदां, बहुधा दिवस लहान होऊं लागले म्हणजे, त्याचीं पिसें झडतात. त्या काळांत तो ओंगळ दिसतो, चिडखोर होतो, व त्याचा तुरा फिकट पडतो. नवीं पिसें फुटलीं म्हणजे तो पुन्हां पूर्ववत् होतो. यास औषध नको. पिसें बहुतेक प्रथिनांचींच बनलेलीं असल्यामुळें त्या दिवसांत आहार मात्र अधिक सकस हवा.

आरवणें बंद झालें म्हणजे कोंबडा दुखणाईत झाला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी. जपानांतील नागोया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, कोंबड्याचें पहांटेचें आरवणें बाहेरच्या उजेडापेक्षां त्याच्या शरीरांतील घड्याळावर अधिक अवलंबून असतें. एकसारख्या मंद उजेडांत ठेवलेले कोंबडेहि ठराविक वेळीं आरवत. ‘कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहात नाहीं’ ही आपली म्हण. कोंबडें झांकलें म्हणून त्याचें आरवणेंहि राहात नाहीं, एवढी भर या शोधानें तींत घातली. पुढें २०१५ सालीं असेंहि दिसून आलें कीं, कळपांत मानानें वरचा असलेला कोंबडा आधीं आरवतो व बाकीचे उतरत्या क्रमानें त्याच्या मागून. अर्थात् दारांत एखादा तरुण कोंबडा माजला व त्यानें म्हाताऱ्यास हटविलें, तर म्हातारा निरोगी असूनहि गप्प बसूं शकतो.

म्हणून केवळ मौनावरून निदान करूं नये. मौनाबरोबर खाणें सुटलें, पिसें फुलवून व मान खांद्यांत ओढून तो एका जागीं बसला, डोळे अर्धवट मिटूं लागले, शेपूट खालीं पडलें, किंवा हातीं धरतां अंग हलकें लागलें, तर मात्र दुखणें आहे असें समजावें. पक्षी आपलें दुखणें शक्य तोंवर लपवितो. तें आपल्या डोळ्यांस दिसूं लागतें तेव्हां बरेंच पुढें गेलेलें असतें. म्हणून त्याच दिवशीं हालचाल केली पाहिजे.

पहिलें काम : वेगळें ठेवणें

आजारी कोंबडा दिसतांच पहिलें काम औषधाचें नव्हे, त्यास इतरांपासून वेगळें करण्याचें. खुराड्यापासून दूर, वाऱ्याच्या झोताबाहेर, कोरड्या जागीं एक मोठें डालगें किंवा जाळीची पेटी ठेवून तींत त्याची सोय करावी. त्याचें पाण्याचें व दाण्याचें भांडें निराळें असावें. सकाळीं आधीं निरोगी कोंबड्यांस दाणापाणी द्यावें व शेवटीं आजाऱ्याकडे जावें. तेथून परततांना हात साबणानें धुवावे आणि पायांतील वहाणा तेथेंच काढून ठेवाव्या. घरांतील लहान मुलांस त्याच्याशीं खेळूं देऊं नये. हा बंदोबस्त निदान दोन आठवडे पाळावा, कारण कांहीं रोगांचें विष अंगांत शिरल्यावर लक्षणें दिसण्यास तितके दिवस लागतात.

ज्या रोगाचें भय सर्वांत मोठें तो रानीखेत, म्हणजे आपल्याकडील मानमोडी. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें तो ओळखला गेला, आणि पुढें लौकरच कुमाऊंतील रानीखेत येथें आढळल्यामुळें हिंदुस्थानांत त्यास तें नांव पडलें. तोंड उघडून धापा टाकणें, हिरवट पातळ विष्ठा, पंख किंवा पाय लुळे पडणें, मान पिळवटणें हीं त्याचीं चिन्हें होत. यावर उपचार नाहीं. लस हाच एक उपाय, आणि ती निरोगी असतांना टोंचावयाची असते. पिलांस लस देतांना दारांतील जुना कोंबडा विसरूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों.

दुसरें भय बर्ड फ्लूचें. २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें या रोगाची भारतांतील पहिली सांथ उघडकीस आली, व कांहीं लाख कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवांत तो पुन्हां दिसला. तुरा निळसर काळा पडणें, डोकें सुजणें आणि एकाएकीं अनेक पक्षी पटापट मरणें, हीं लक्षणें दिसलीं तर घरगुती शुश्रूषेचा विचारहि करूं नये. मेलेल्या पक्ष्यांस हात न लावतां ग्रामपंचायतीस व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावें. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानें हें कळविणें मालकाचें कर्तव्यच ठरविलेलें आहे. एकटा म्हातारा कोंबडा आजारी आणि बाकीचा कळप धडधाकट, अशी स्थिति असेल तेव्हांच पुढील उपाय कामाचे.

ऊब, पाणी व विश्रांति

कोंबड्याच्या अंगाची उष्णता मूळचीच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते; म्हणून हात लावून त्याचा ताप पाहण्यांत अर्थ नाहीं. ही उष्णता टिकविण्यास त्यास सतत अन्न जाळावें लागतें, आणि आजाऱ्यानें खाणें सोडलें कीं तो आंतून थंडावूं लागतो. याकरितां हिंवाळ्यांत व पावसाळ्यांत ऊब देणें हा अर्धा उपचार होय. डालग्यावर तीन बाजूंनीं गोणपाट टाकावें, खालीं कोरडा भुसा किंवा भाताचें तूस पसरावें, आणि एका बाजूस गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेवावी. विजेचा दिवा लावावयाचा तर जुन्या पद्धतीचा, उष्णता देणारा लावावा. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. दिवा गवतापासून व कापडापासून दूर टांगावा, नाहीं तर घरास आग लागण्याचें भय. ऊब एकाच बाजूस असावी, म्हणजे नको वाटल्यास पक्षी दुसऱ्या बाजूस सरकूं शकतो.

उन्हाळ्यांत याच्या उलट करावें. कोंबड्यास घाम येत नाहीं. तो चोंच उघडून धापा टाकून अंग थंड करितो. तेव्हां डालगें सावलींत ठेवावें, भोंवतालची जमीन शिंपावी व पाणी दिवसांतून तीन-चार वेळां बदलावें.

निरोगी कोंबडा साधारणपणें खाल्लेल्या दाण्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी पितो. आजारी पक्षी आधीं दाणा सोडतो व मग पाणीहि. आणि तो भुकेपेक्षां तहानेनें आधीं मरतो. एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा गूळ व चिमूटभर मीठ घालून तें एखादा दिवस ठेवावें. मीठ याहून अधिक झाल्यास अपाय होतो. तो आपण होऊन पीत नसेल तर चमच्यानें किंवा कापसाच्या बोळ्यानें चोंचेच्या कडेस एकेक थेंब लावावा, म्हणजे तो गिळतो. चोंच उघडून घशांत पाणी ओतण्याची रीत फार घातक आहे. कोंबड्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच उघडें असतें. ओतलेलें पाणी सरळ फुप्फुसांत जातें, व रोगानें न मेलेला पक्षी उपचारानें मरतो.

तपासणी कशी करावी

तपासणीस संध्याकाळचा अंधार पडल्यानंतरची वेळ उत्तम. त्या वेळीं त्यास फारसें दिसत नाहीं व तो शांत असतो. दोन्ही पंख अंगाशीं धरून त्यास कांखेंत घ्यावें, परंतु छाती आवळूं नये. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचें हाड खालींवर होऊनच त्याचा श्वास चालतो. घट्ट आवळलेला कोंबडा ओरडतहि नाहीं, गुदमरतो.

छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावें. दोन्ही बाजूंस मांस भरलेलें असेल तर दुखणें नवें आहे. हाड सुरीच्या धारेसारखें लागलें तर तें जुनें आहे. नंतर डोळे, नाकपुड्या व तोंडाचा आंतील भाग पाहावा. नाकांतून घाण वासाचा स्राव व तोंडास सूज असल्यास तें सर्दीचें संसर्गजन्य दुखणें समजून पशुवैद्यास गांठावें. पंखांखालीं व गुदद्वाराभोंवतीं पिसें उलटून उवा, गोचीड पाहावेत. म्हाताऱ्या पक्ष्यास चोंचीनें अंग साफ करणें जमत नाहीं, म्हणून त्यावर त्या फार माजतात. विष्ठेवर पांढरा थर असणें स्वाभाविक आहे, व दिवसांतून कांहीं वेळां येणारी तपकिरी चिकट विष्ठाहि स्वाभाविक. हिरवी पातळ विष्ठा रोगाची असूं शकते, तशीच ती नुसत्या उपासाचीहि असूं शकते. म्हणून ती खाण्याच्या मानानें पाहावी.

गळ्याच्या मुळाशीं असलेली अन्नाची पिशवी सकाळीं दाणा देण्यापूर्वीं चांचपावी. रात्रभरांत ती रिकामी झालेली असली पाहिजे. ती सकाळींहि कठीण गोळ्यासारखी लागली तर गवत, दोरा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकला आहे असें समजावें. दाणा बंद ठेवून थोडें कोमट पाणी प्यावयास द्यावें व बोटांनीं हळुवार चोळावें. ती भिजल्या कणकेसारखी मऊ असून तोंडास आंबूस वास येत असेल तर आंत आंबवण झालें आहे. अशा पक्ष्यास उलटें टांगून ओकविण्याचा प्रघात आहे. तोहि सोडावा, कारण ओकारी श्वासनलिकेंत शिरते. एका दिवसांत उतार न पडल्यास दवाखाना गांठावा.

पायांचीं दुखणीं

म्हाताऱ्या कोंबड्याचीं बहुतेक दुखणीं पायांपासून सुरू होतात, आणि घरगुती उपायांचा गुणहि येथेंच उत्तम येतो.

तळपायास गांठ येऊन मध्यें काळी खपली धरते, तें पायाचें गळूं होय. जड अंगानें उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उड्या मारल्यानें तळवा फाटतो व त्यांत पू उत्पन्न करणारे जंतु शिरतात. रोज दहा मिनिटें पाय कोमट मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवावा, कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधावी. गळूं कोंवळें असेल तर दोन-तीन आठवड्यांत बसतें. तें खोल गेलें असेल तर घरीं चाकू चालवूं नये. तें पशुवैद्याचें काम. मूळ कारण राहिलें तर गळूं पुन्हां येतें, म्हणून दांडी गुडघ्याहून उंच नसावी व खालीं भुशाचा जाड थर असावा.

पायांवरील खवले उचललेले, त्यांखालीं पांढरा चुन्यासारखा थर, असें दिसलें तर तो डोळ्यांस न दिसणाऱ्या किड्यांचा उपद्रव होय. हे किडे खवल्यांखालीं बिळें करून राहतात. पाय साबणाच्या कोमट पाण्यांत भिजवून जुन्या दांतघासणीनें हळू घासावे व खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन भरपूर चोळावें; किड्यांचा श्वास कोंडून ते मरतात. हें एक दिवसाआड कांहीं आठवडे चालवावें. उचललेले खवले नखानें उपटूं नयेत. पूर्वीं रॉकेल लावीत. त्यानें कातडी भाजते, म्हणून तें वर्ज्य समजावें.

कांटे फार वाढून चालण्यास अडथळा होत असेल तर टोंक कानशीनें थोडें थोडें घासून बोथट करावें. कांट्याच्या आंत जिवंत हाड व रक्त असतें. मुळाशीं कापल्यास रक्तस्राव होतो. सांधे सुजून त्यांत खडूसारखा पदार्थ सांठला असेल तर मूत्रपिंड बिघडल्याचें तें चिन्ह आहे. तें पूर्ण बरें होत नाहीं. पाणी मुबलक देऊन व आहार हलका ठेवून त्रास तेवढा कमी करतां येतो.

आहार

येथें एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. अंडीं देणाऱ्या कोंबड्यांकरितां विकत मिळणाऱ्या खाद्यांत साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतें, कारण अंड्याच्या कवचास तें लागतें. कोंबड्यास अंडें घालावयाचें नसतें. त्यास साधारण एक टक्का पुरे. तेंच खाद्य वर्षानुवर्षें खाऊन त्याच्या मूत्रपिंडांवर भार पडतो. म्हणून म्हाताऱ्या कोंबड्यास ज्वारी, बाजरी किंवा मका यांची भरड, थोडी डाळचुरी व हिरवा पाला हाच आहार बरा. आजारांत मऊ भात, भरडीची कोमट पेज व उकडलेल्या अंड्याचा चुरा थोडा थोडा, दिवसांतून चार-पांच वेळां द्यावा. मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून द्यावा.

बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड जनावरांस चालत नाहीं म्हणून कोंबड्यांपुढें टाकूं नये. त्या बुरशीचें विष यकृतास मारतें. पेरणीनंतर उरलेलें औषध लावलेलें बियाणें तर दारांत सांडूंहि देऊं नये. धट्टाकट्टा कोंबडा सकाळीं लोळूं लागला म्हणजे रोगाचा शोध करण्यापूर्वीं हें बियाणें कोठें पडलें आहे काय, तें पाहावें.

औषधांविषयीं

पिकावर मारावयाचीं कीटकनाशकें उवांसाठीं पक्ष्याच्या अंगास लावणें किंवा तंबाखूच्या पाण्यानें त्यास न्हाऊं घालणें, हे उपाय कित्येक ठिकाणीं चालतात. दोन्हींत विष कातडींतून व श्वासांतून पोटांत जातें. उवांकरितां कोरडी माती व चुलीची चाळलेली राख यांचें लोळण द्यावें, आणि उपद्रव फार असेल तर पशुवैद्यानें दिलेली भुकटी वापरावी. शेजाऱ्याच्या कपाटांतील उरलेल्या गोळ्या कोंबड्यास चारणें हाहि अविचार होय. चुकीच्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, आणि तेच जंतु पुढें माणसांच्या दुखण्यांत आडवे येतात. याच भयानें भारत सरकारनें २०१९ सालीं कोलिस्टिन या औषधाचा अन्नोपयोगी जनावरांत वापर बंद केला. औषध चालूं असलेला पक्षी, वैद्यानें सांगितलेली मुदत संपेपर्यंत, कोणाच्याहि ताटांत जातां कामा नये.

बरा झाल्यावर, व बरा न झाल्यास

बरा झालेला कोंबडा एकदम कळपांत सोडूं नये. दोन आठवड्यांत त्याची जागा दुसऱ्यानें घेतलेली असते, आणि अशक्त म्हाताऱ्यास तरुण कोंबडा रक्तबंबाळ करितो. चार-सहा दिवस मध्यें बांबूची जाळी ठेवून त्यांस एकमेकांस दिसूं द्यावें. तरीहि न जमल्यास एखाद-दुसऱ्या शांत कोंबडीबरोबर त्याचा निराळा संसार मांडून द्यावा. आठवड्यांतून एकदां त्याचें वजन करून भिंतीवर लिहून ठेवावें. वजन दहाव्या हिश्श्यानें उतरलें तर दुखणें परतलें असें समजावें.

कित्येकदां मात्र तो बरा होत नाहीं. ऊब, पाणी, पेज सर्व देऊनहि तो उठत नाहीं, खात नाहीं, श्वास घेतांना कळ दिसते. अशा वेळीं दिवसच्या दिवस त्यास तसा ठेवणें ही दया नव्हे. पशुवैद्याकडून, तें शक्य नसेल तर जाणत्या हातानें, क्षणांत त्याची सुटका करावी. रोगानें मेलेल्या किंवा मरणोन्मुख पक्ष्याचें मांस खाऊं नये, कुत्र्यापुढें टाकूं नये, ओढ्यांत तर मुळींच फेंकूं नये. विहिरीपासून दूर तीन-चार फूट खोल खड्डा खणून, वर चुना टाकून त्यास पुरावें, व त्याचें डालगें धुऊन कडक उन्हांत वाळवावें.

या सर्वांस लागतें तें काय? एक डालगें, एक गोणपाट, मीठ, साबण, खोबरेल तेल, आयोडीनची बाटली, आणि सकाळ-संध्याकाळ पाव तासाचें लक्ष. इतक्या अल्प सामग्रींत एक जुनें जनावर सुखानें आपले उरलेले दिवस काढतें, आणि खरोखर सांथीचा रोग असेल तर तो आपल्याच कुंपणांत अडतो. गांवोगांवच्या शेतकरी बंधूंनीं एवढा एकच नियम आपसांत ठरवावा : आजारी कोंबडें बाजारांत न्यावयाचें नाहीं, व स्वस्त मिळतें म्हणून घ्यावयाचेंहि नाहीं. हा नियम पाळावयास सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या घरीं म्हाताऱ्या कोंबड्यास कोपऱ्यांत जागा मिळते, त्या घरचीं पिलें सुरक्षित राहतात, हें ओळखून प्रत्येकानें आपल्या दारापासूनच आरंभ करावा.